भांडुपला शुद्ध झालेल्या पाण्यात नळापर्यंत येताना जीवाणू वाढतात कसे?

पाऊस सुरू झाला की मुंबईत दरवर्षी तेच बोलणं ऐकू येतं. नळाला पिवळसर पाणी आलं की कोणी म्हणतं, "क्लोरीन वाढवायला हवं." पाण्याला जरा औषधासारखा वास आला की तेच म्हणतात, "केवढं क्लोरीन मारलंय!" या दोन्ही वाक्यांमागे एकच समजूत असते. शुद्धीकरण केंद्रात पाणी शुद्ध झालं, तिथून पुढचा पाइप म्हणजे नुसती वाट, आणि वाटेत जे काही बिघडतं ते बाहेरून येतं.

बाहेरून येतं हे खरंच आहे, आणि मुंबईत तर फार येतं. पण पाइप नुसती वाट नसते. तिच्या आतल्या भिंतीवर सतत जीवाणू राहत असतात, वाढत असतात. त्यातले कोणते टिकतील, किती वाढतील, हे बरंचसं शुद्धीकरण केंद्रात पाण्यावर काय केलं त्यावर ठरतं. जंतू मारणं हा शुद्धीकरणाचा एक भाग झाला. मारून झाल्यावर पाण्यात खायला काय शिल्लक राहतं, हा दुसरा भाग. माझ्या मते महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही.

मुंबईचं पाणी सात जलाशयांतून येतं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. विहार १८६० सालचा, तानसा १८९२चा, तर मध्य वैतरणा अगदी अलीकडचा, २०१४चा. तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, पण त्यांचा वाटा अगदी थोडा. बाकीचं पाणी ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांतून येतं. रोज जवळपास चारशे कोटी लिटर पाणी शहराला दिलं जातं आणि त्यातलं बहुतेक भांडुप संकुल व पांजरापूर इथल्या केंद्रांत शुद्ध होतं.

केंद्रातली पद्धत जगभर रूढ असलेलीच आहे. आधी पाण्यात तुरटी किंवा त्याच जातीचं पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड टाकतात. त्यामुळे पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे जड पुंजके होतात आणि निवळण टाकीच्या तळाशी बसतात. वरचं पाणी वाळूच्या थरांतून गाळलं जातं. शेवटी क्लोरीन.

या तिन्ही पायऱ्यांचा जीवाणूंवर होणारा परिणाम वेगवेगळा असतो. तुरटी आणि वाळू जीवाणूंना पाण्यातून बाजूला काढतात. कण काढल्यामुळे क्लोरीनचं कामही सोपं होतं, कारण मातीच्या कणाआड लपलेल्या जीवाणूपर्यंत क्लोरीन नीट पोहोचत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात पाण्याचा गढूळपणा शक्यतो १ एककाच्या आत ठेवायला सांगितलं आहे, ते पाणी काचेसारखं दिसावं एवढ्याचसाठी नाही. मग क्लोरीन उरलेल्यांना मारतं. पुढे पाण्यात थोडं क्लोरीन शिल्लक ठेवलं जातं, म्हणजे वाटेत काही आलंच तर त्याचाही बंदोबस्त व्हावा. याच मानकाप्रमाणे हे शिल्लक क्लोरीन नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं आणि विषाणूंपासूनही संरक्षण हवं असेल तर ०.५.

एवढं सगळं करूनही पाणी निर्जंतुक होत नाही, आणि व्हावं अशी अपेक्षाही नसते. जगातल्या उत्तम व्यवस्थेतल्या नळाच्या पाण्यातही एका मिलिलिटरमध्ये हजारो, काही ठिकाणी लाखो जीवाणू सापडतात. ते जवळजवळ सगळे निरुपद्रवी असतात. आपण रोज पितो आणि आपलं काही बिघडत नाही. पण पाण्यात दिसतात ते थोडेच. पाणीपुरवठ्याच्या जाळ्यातले बहुसंख्य जीवाणू, अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणे नव्वद टक्क्यांहून जास्त, वाहत्या पाण्यात नसतातच. ते पाइपाच्या भिंतीला चिकटलेले असतात.

रात्री दात न घासता झोपलं की सकाळी जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर जाणवतो, तशाच प्रकारचा थर पाइपाच्या आत असतो. त्याला बायोफिल्म म्हणतात. जीवाणू भिंतीवर बसतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात, त्यात आणखी जीवाणू अडकतात आणि हळूहळू वस्ती तयार होते. जीवाणूंना खाणारे अमिबासारखे सूक्ष्मजीवही तिथे येतात. चिकट द्रव्यातून आत झिरपता झिरपताच बरंच क्लोरीन खर्ची पडतं, त्यामुळे मोकळ्या पाण्यात जे क्लोरीन जीवाणूला काही मिनिटांत मारतं, ते थराच्या तळाशी असलेल्याला स्पर्शही करू शकत नाही. लोखंडी पाइप गंजला की काम आणखी अवघड होतं. गंजाच्या गाठींमध्ये असंख्य कपारी असतात, आणि गंज स्वतःही क्लोरीन संपवतो.

इथे एक साधा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. दीड मीटर व्यासाच्या मोठ्या जलवाहिनीत एका लिटर पाण्याच्या वाट्याला सुमारे २७ चौरस सेंटीमीटर भिंत येते. आपल्या इमारतीतल्या अर्धा इंची पाइपात त्याच एका लिटरच्या वाट्याला साधारण २,७०० चौरस सेंटीमीटर. शंभरपट. भिंत जास्त म्हणजे थर जास्त, म्हणजे क्लोरीन संपण्याचा वेग जास्त. गुंदवली ते भांडुप अशा खोल भूमिगत बोगद्यांतून येणाऱ्या पाण्याची म्हणूनच फारशी चिंता नसते. चिंता सुरू होते ती गल्लीतल्या बारीक पाइपापासून. आणि शेवटच्या काही मीटरवर, म्हणजे आपल्याच घरात, ती सर्वांत जास्त असते.

आता खाण्याकडे येऊ.

जीवाणूला वाढायला ऊब लागते, ओलावा लागतो आणि अन्न लागतं. पाइपात ओलावा आहेच. मुंबईत ऊबही बारमाही आहे. थंड देशांत पाणी पंधरा अंशांच्या वर गेलं की पाणीपुरवठा खात्यातली माणसं सावध होतात, आणि आपल्याकडे जानेवारीतही नळाचं पाणी क्वचितच वीस अंशांखाली जातं. तेव्हा हातात राहतं ते अन्न. पाण्यात पानांचा, मातीचा, शेवाळाचा कुजलेला अंश विरघळलेला असतो. त्यातले मोठे, गुंतागुंतीचे रेणू जीवाणूंना सहज पचत नाहीत. छोटे रेणू मात्र ते लगेच खातात. या चटकन पचणाऱ्या भागाला तज्ज्ञ एओसी (असिमिलेबल ऑरगॅनिक कार्बन, म्हणजे पचण्याजोगा सेंद्रिय कार्बन) म्हणतात. तो मोजण्याची पद्धत नेदरलँड्समधले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डिक फान डर कोय यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. पद्धत सुंदर आहे. पाण्याचा नमुना गरम करून त्यातले मूळ जीवाणू मारायचे, ठरावीक जातीचे जीवाणू मोजून त्यात सोडायचे, आणि ते किती वाढतात ते पाहायचं. जेवढी वाढ, तेवढं अन्न.

हे अन्न किती थोडं असलं तरी पुरतं, हे आकड्यांतून कळतं. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. असा एक मायक्रोग्रॅम पचणारा कार्बन साधारण एक कोटी जीवाणू पोसू शकतो. लिटरमध्ये दहा मायक्रोग्रॅम असेल तर दहा कोटी, म्हणजे दर मिलिलिटरला एक लाख. फान डर कोय यांनी क्लोरीन नसलेल्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा हीच आहे, लिटरला दहा मायक्रोग्रॅम. क्लोरीन शिल्लक असलेल्या पाण्यासाठी अमेरिकेतल्या अभ्यासकांनी पन्नास ते शंभरच्या आत राहा असं म्हटलं. चिमूटभरसुद्धा म्हणता येणार नाही इतकी ही मात्रा आहे.

शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीचा अर्थ इथे बदलतो. तुरटी मोठे सेंद्रिय रेणू बऱ्यापैकी खाली बसवते, पण चटकन पचणारे छोटे रेणू तिच्या हाती लागत नाहीत. ते पाण्याबरोबर पुढे जातात. क्लोरीन जीवाणू मारतं, आणि त्याच वेळी उरलेल्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतं. ते तुकडे जीवाणूंना पचतात. म्हणजे जंतुनाशकच पुढच्या पिढीचं अन्न तयार करून ठेवतं. ओझोनच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसतं. ओझोन क्लोरीनपेक्षा जोरदार जंतुनाशक आहे, पण मोठ्या रेणूंचे तो इतके तुकडे करतो की नुसता ओझोन देऊन पाणी पाइपात सोडलं तर थर झपाट्याने वाढतो. ओझोनचा मागमूसही पाण्यात उरत नसल्यामुळे वाढ रोखणारं कोणी नसतं. म्हणून जिथे ओझोन वापरतात तिथे त्याच्या पुढे कोळशाची गाळणी लावतात आणि तिच्यावर मुद्दाम जीवाणू वाढू देतात. ते जीवाणू पाण्यातलं अन्न केंद्रातच खाऊन टाकतात. पाइपातल्यांसाठी फारसं काही उरत नाही.

जीवाणूंकडून पाणी स्वच्छ करून घेण्याची ही कल्पना जुनी आहे. १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलराने आठ हजारांहून जास्त माणसं गेली. त्याला लागूनच असलेल्या आल्टोनामध्ये साथ तितकी पसरली नाही. दोन्ही शहरं एल्बे नदीचंच पाणी पीत होती. आल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेलं पाणी घेत होतं. फरक एवढाच की आल्टोनाचं पाणी संथ वाळूच्या गाळणीतून जात होतं. त्या वाळूवर सूक्ष्मजीवांचा जो थर साठतो, तोच रोगजंतू अडवतो. क्लोरीन तेव्हा आलंही नव्हतं. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात डॉक्टर जॉन लील यांच्या पुढाकाराने ते कायमचं मिसळायला सुरुवात झाली ती १९०८ मध्ये. आज मोठ्या शहरांत जलद गाळण्या असतात. थोड्या जागेत त्या प्रचंड पाणी गाळतात, आणि चारशे कोटी लिटरची गरज असलेल्या शहराला दुसरा मार्गही नाही. पण जिथे गाळण्याआधीच क्लोरीन देतात, तिथे वाळूवर हे उपकारक जीवाणू फारसे टिकत नाहीत. वाळू कण अडवते, अन्न पुढे जातं.

मग क्लोरीनच दुप्पट केलं तर? तीन अडचणी आहेत.

पहिली: क्लोरीन वाटेत संपतं. सेंद्रिय पदार्थांशी, गंजाशी, भिंतीवरच्या थराशी त्याची अभिक्रिया होते, आणि उष्ण पाण्यात ती वेगाने होते. त्यामुळे भांडुपला भरपूर असलेलं क्लोरीन शहराच्या टोकाला पोहोचेपर्यंत विरून जाऊ शकतं. म्हणूनच वाटेतल्या सेवा जलाशयांवर, म्हणजे वाटपाआधी पाणी साठवणाऱ्या शहरातल्या मोठ्या टाक्यांवर, पुन्हा क्लोरीन देतात. मलबार हिलवर हँगिंग गार्डनखाली असलेला जलाशय हा त्यातला सर्वांच्या माहितीचा. पाण्याच्या आम्लतेचाही इथे संबंध येतो. पीएच हा आकडा जितका कमी तितकं पाणी आम्ल. पीएच ७.५ असताना विरघळलेल्या क्लोरीनचा निम्मा भाग जोरदार जंतुनाशक रूपात असतो, ८.५ झाला की तो दहा टक्क्यांवर येतो. पाणी फार आम्ल ठेवावं तर पाइप गंजतात. मधला तोल सांभाळायचा, हे केंद्रातल्या रसायनतज्ज्ञांचं रोजचं काम.

दुसरी अडचण क्लोरीनच्या उपपदार्थांची. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय अंश यांच्यातून क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. दीर्घकाळ जास्त प्रमाणात पोटात जाणं चांगलं नाही, म्हणून त्यांच्यावर मर्यादा आहेत. आयएस १०५०० मध्ये क्लोरोफॉर्मसाठी ती लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी: या भीतीने क्लोरीनच नको म्हणणं घातक आहे. गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइड यांचा धोका आजचा, या आठवड्याचा असतो.

तिसरी अडचण मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. क्लोरीन सगळ्यांना सारखं मारत नाही. ई. कोलायसारखे आतड्यातले जीवाणू त्याच्यापुढे चटकन मरतात. मायकोबॅक्टेरिया या गटातल्या जीवाणूंच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं. त्यांच्यातले काही ई. कोलायच्या तुलनेत शेकडो पट क्लोरीन सहन करतात. क्षयाचे जंतू याच कुळातले, पण पाइपात राहणारे ते नव्हेत, त्यांचे दूरचे भाऊबंद. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत. फुप्फुसं आधीच दुबळी असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र त्रास देऊ शकतात. लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जीवाणू तर अमिबाच्या पोटात राहून क्लोरीनपासून बचावतो, आणि त्याला २५ ते ४५ अंशांचं पाणी मानवतं. म्हणजे क्लोरीनवर जितकी जास्त भिस्त, तितकी पाइपातली वस्ती क्लोरीनला न जुमानणाऱ्यांची. वस्ती रिकामी होत नाही, रहिवासी बदलतात.

काही देशांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग, वापरतात. ते सावकाश संपतं आणि थरात जास्त खोलवर शिरतं. पण त्यातून सुटणाऱ्या अमोनियावर जगणारे वेगळे जीवाणू वाढतात. शिवाय वॉशिंग्टनमध्ये २००० साली हा बदल केल्यावर पाइपांच्या आत शिशाचा जो स्थिर थर होता तो विरघळायला लागला आणि घराघरांतल्या पाण्यात शिसं वाढलं. शुद्धीकरणातला एक धागा ओढला की दुसरीकडचा सुटतो, याचं हे कायम लक्षात ठेवावं असं उदाहरण.

नेदरलँड्सने उलटी वाट धरली. तिथे आज नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक ठेवतच नाहीत. अनेक टप्प्यांनी गाळून पाण्यातलं अन्न इतकं कमी करतात की पाइपात फारसं काही वाढू शकत नाही. ही माहिती वाचून कोणी म्हणेल, मग मुंबईतही तसंच करू या. ते शक्य नाही, आणि त्याचं कारण शुद्धीकरण केंद्रात नाहीच. नेदरलँड्समध्ये पाइप चोवीस तास दाबाखाली भरलेले असतात आणि गळती अगदी थोडी असते. मुंबईत बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येतं, आणि गळती व चोरी मिळून तीस टक्क्यांच्या आसपास पाणी वाटेतच जातं.

काही तासच पाणी येणं याचा अर्थ पाइपाच्या दृष्टीने समजून घेऊ. चावीवाला व्हॉल्व बंद करतो. पाइपातला दाब उतरतो. जिथे फट आहे, सांधा ढिला आहे, तिथून आता पाणी बाहेर येण्याऐवजी आजूबाजूचं पाणी आत जातं. आजूबाजूला काय आहे? आपल्या जुन्या वस्त्यांमध्ये नळाचे बारीक पाइप गटाराच्या कडेने, काही ठिकाणी गटारातूनच गेलेले दिसतात. पावसाळ्यात तर सगळी जमीनच भिजलेली असते. आत अडकलेल्या पाण्यातलं क्लोरीन काही तासांत संपतं आणि भिंतीवरचे जीवाणू निवांत वाढतात. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व उघडला की पाणी जोराने येतं, थराचे तुकडे सुटतात, गंज सुटतो, आणि आदल्या दिवशी आत शिरलेलं सगळं पहिल्या काही मिनिटांत नळातून बाहेर येतं. कर्नाटकात हुबळी-धारवाडला काही भागांत चोवीस तास आणि बाकी शहरात अधूनमधून पाणी मिळत होतं. तिथल्या अभ्यासात हेच दिसलं. केंद्र तेच, पाणी तेच, पण अधूनमधून पाणी मिळणाऱ्या भागातल्या नमुन्यांत दूषितपणा कितीतरी जास्त वेळा सापडला, आणि तो पाणी सुरू होतानाच्या पहिल्या धारेत आणि दाब कमी असताना विशेष होता.

यात भर पडते ती थेट जलजोडणीला मोटार लावणाऱ्यांची. ही मोटार पाइपातलं पाणी ओढते तेव्हा त्याच पाइपावरच्या शेजारच्या भागात दाब शून्याखाली जाऊ शकतो, म्हणजे गटारातलं पाणी आत खेचलं जातं. चार मजले वर पाणी चढवणारा माणूस टोकाच्या बैठ्या घरातल्या मुलांच्या पोटात काय घालतो आहे, हे त्याला दिसत नाही. त्याचा मला मनापासून राग येतो. पण मोटार लावायची वेळ ज्या कमी दाबामुळे येते तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, त्याचा राग त्याहून जास्त येतो. वाहिनीच्या शेवटी राहणाऱ्यांना पाणी सर्वांत उशिरा मिळतं, सर्वांत कमी दाबाने मिळतं, आणि क्लोरीन जवळजवळ संपलेलं असतं. बहुतेक वेळा ही घरं सर्वांत गरीब असतात.

वॉर्डावॉर्डातून नमुने घेतले जातात, अमुक टक्के नमुने पिण्यास अयोग्य आढळले अशी बातमी येते. ती वाचताना दोन प्रकारचे जीवाणू वेगळे ओळखायला हवेत. ई. कोलाय हा माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातला. पाइपात तो सहसा फार काळ टिकत नाही. म्हणून तो सापडला याचा अर्थ मैला नुकताच, बहुधा जवळूनच, पाण्यात मिसळला आहे. मानकाप्रमाणे १०० मिलिलिटर नमुन्यात तो एकही असता कामा नये. कोलिफॉर्म हा त्याहून मोठा गट. त्यातले काही पाइपाच्या थरातही वाढू शकतात. त्यामुळे नुसते कोलिफॉर्म सापडले आणि ई. कोलाय नाही, तर फुटलेली वाहिनी शोधण्याबरोबर शिल्लक क्लोरीन किती आहे आणि पाइपाची आतली अवस्था काय आहे तेही पाहावं लागतं. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. घुसणाऱ्यांना अडवायला दाब आणि दुरुस्ती. वाढणाऱ्यांना रोखायला कमी अन्न, पुरेसं क्लोरीन, गंज नसलेले पाइप आणि फार वेळ साठून न राहणारं पाणी.

साठून राहण्यावरून आपल्या इमारतींचं सांगायला हवं. मुंबईत पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडतं, मोटारीने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि तिथून घरात येतं. या प्रवासात ते दोन-दोन दिवस राहिलं तर क्लोरीन शून्यावर येतं. गच्चीवरची टाकी उन्हात तापते. तळाशी गाळ बसतो, भिंतींवर थर चढतो. झाकण नीट बसत नसेल तर पाल, झुरळ, कबुतराची विष्ठा. तळटाकी ड्रेनेजच्या चेंबरला खेटून असेल आणि तिला तडा असेल तर सगळं केंद्र, सगळे बोगदे, सगळं क्लोरीन वाया. सोसायटीच्या सभेत रंगकामावर दोन तास चर्चा होते आणि टाकी धुण्याचा विषय "इतर" मध्ये दोन मिनिटांत संपतो, हे बदललं पाहिजे. सहा महिन्यांतून एकदा टाक्या रिकाम्या करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुवायला हव्यात. नुसतं पाणी मारून थर जात नाही, घासावंच लागतं.

घरातल्या फिल्टरबद्दल गैरसमज फार आहेत. आरओ किंवा कोळशाचा फिल्टर आधी पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो. त्यानंतर मशीनच्या टाकीत साठलेल्या पाण्याला कसलंच संरक्षण नसतं, आणि कोळशावर जीवाणूंची वस्ती उत्तम वाढते. यूव्हीचा दिवा समोरून जाणाऱ्या जीवाणूंना मारतो, पुढे टाकीत पडलेल्यांना नाही. मशीन वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. वेळच्या वेळी कँडल आणि कोळसा बदलला, टाकी धुतली, गावाहून परत आल्यावर साठलेलं पाणी ओतून दिलं, तर ते कामाचं आहे. पाणी उकळणं हा साधा आणि खात्रीचा उपाय. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. पण उकळल्यावर क्लोरीनही उडून जातं, म्हणून ते झाकून ठेवावं, वाटीने किंवा हाताने उपसू नये, एका दिवसात संपवावं.

पाणी सुरू झाल्यावर पहिली गढूळ धार पिण्याच्या भांड्यात घेऊ नये, बादलीत घेऊन फरशी पुसायला वापरावी. घर दोन-चार दिवस बंद असेल तर परतल्यावर स्वयंपाकघरातला नळ थोडा वेळ सोडावा, कारण बारीक पाइपात उभं राहिलेलं ते पाणी म्हणजे मघाशी सांगितलेल्या २,७०० चौरस सेंटीमीटरांच्या सहवासात राहिलेलं पाणी.

आणि सोसायटीने एक छोटा क्लोरीन तपासणी संच घेऊन ठेवावा. त्यातली पूड किंवा गोळी पाण्यात टाकली की क्लोरीनच्या प्रमाणात पाणी गुलाबी होतं, आणि सोबतच्या रंगपट्टीवरून आकडा कळतो. पाणी येण्याच्या वेळी दोन ठिकाणी तपासायचं: तळटाकीत पडणाऱ्या धारेत, आणि वरच्या मजल्यावरच्या एखाद्या स्वयंपाकघरात. खाली ०.२ किंवा जास्त आणि वर शून्य, तर अडचण आपल्या टाक्यांत आणि पाइपांत आहे. खालीच शून्य असेल तर तारीख, वेळ आणि आकडा लिहून वॉर्डातल्या जलखात्याकडे लेखी तक्रार करायची, आणि शेजारच्या दोन इमारतींनाही त्याच वेळी तपासायला सांगायचं. तिघांकडे शून्य आलं तर दोष वाहिनीत आहे, आणि तो शोधायचा कुठे हे खात्याला तीन आकड्यांवरून बरंचसं कळतं.